चिठ्ठी पुसलेल्या कॅक्टसची जात कशी ओळखायची?

बागेतली प्रश्नोत्तरे

प्रश्न : सहा-सात वर्षांपूर्वी बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या मावसबहिणीने मला खांबासारख्या कॅक्टसची वीतभर फांदी दिली. तिने मूळ झाड कुठल्याशा प्रदर्शनातून आणले होते. सोबतच्या प्लास्टिकच्या पट्टीवर ‘हायब्रिड’ एवढेच वाचता येते, पुढची अक्षरे उन्हाने उडाली. आता झाड गच्चीवर माझ्या खांद्याला लागले आहे. रंग निळसर हिरवा, खाली सहा धारा आणि वर सात, काटे बोटाच्या नखाएवढे. यंदा रात्री वीतभर लांबीचे पांढरे फूल आले आणि दुसऱ्या दिवशी मिटले. फुलाच्या देठावर तपकिरी केस होते. एक नर्सरीवाले म्हणतात हा ट्रायकोसेरियस, दुसरे म्हणतात एकिनॉप्सिस. मुलाच्या मोबाइलमधले ॲप सेरियस म्हणते. खरे कोणाचे? आणि हा कोणत्या दोन जातींचा संकर आहे?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : दोन्ही नर्सरीवाले बरोबर आहेत, ॲप चुकले आहे आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर झाडाकडे पाहून कोणालाच देता येणार नाही. एकेक करून पाहू.

आधी ॲपचे. सेरियस हा जगभर बागांतून भरपूर लावला जाणारा खांबासारखा कॅक्टस. त्याचे फोटो ढिगाने उपलब्ध आहेत आणि हिरवा खांब दिसला की ॲप तिकडे झुकते. पण तुम्ही एक फार मोलाची गोष्ट टिपली आहे, ती म्हणजे फुलावरचे केस. तुम्ही ज्याला देठ म्हणता तो देठ नसून फुलाचीच लांब नळी आहे. सेरियसची नळी तुळतुळीत असते. तिच्यावर तुरळक खवले असतील, पण लव नसते. ट्रायकोसेरियसच्या नळीवर खवले असतात आणि प्रत्येक खवल्याच्या बगलेतून तपकिरी, राखाडी किंवा काळपट केसांचा झुपका निघतो. कळी असल्यापासूनच ती केसाळ दिसते. फळातही तोच फरक. सेरियसचे फळ गुळगुळीत, लालसर किंवा पिवळे होते आणि पिकून उकलले की आत पांढरा गर व काळ्या बिया दिसतात. ट्रायकोसेरियसचे फळ बाहेरून हिरवट आणि केसाळच राहते. तेव्हा केस पाहिलेत तिथेच सेरियसचा दावा निकालात निघाला.

आता दोन नर्सरीवाल्यांचे भांडण. ते खरे भांडण नाही, एकाच झाडाची दोन नावे आहेत. अमेरिकेतल्या ब्रिटन आणि रोझ या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१९ ते १९२३ या काळात कॅक्टस कुळावर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात १९२० च्या खंडात त्यांनी ट्रायकोसेरियस पाचानोई आणि ट्रायकोसेरियस पेरुव्हियानस या दोन जातींचे वर्णन केले. पहिली इक्वेडोरची, दुसरी पेरूमधल्या मातुकाना भागातली. १९७४ मध्ये हे सगळे खांब एकिनॉप्सिस या मोठ्या प्रजातीत टाकण्यात आले. त्यामुळे त्यानंतरच्या अनेक पुस्तकांत, नर्सरीच्या याद्यांत आणि पट्ट्यांवर एकिनॉप्सिस पाचानोई असे नाव आले. अलीकडे पुष्कळ अभ्यासक पुन्हा ट्रायकोसेरियस वेगळा मानू लागले आहेत. म्हणजे एका नर्सरीवाल्याकडे जुने किंवा अगदी नवे पुस्तक आहे, दुसऱ्याकडे मधल्या काळातले. दोघांनाही चहा पाजा.

राहिला आई-बापांचा प्रश्न. सहा-सात धारा, त्या पसरट आणि गोलसर, निळसर झाक आणि रात्री उमलणारे मोठे पांढरे फूल, हे वर्णन अँडीज पर्वतातल्या तीन प्रकारांकडे बोट दाखवते. पाचानोईचे काटे आखूड, कधी जवळजवळ नसल्यासारखे. पेरुव्हियानसचे काटे जाड, तपकिरी आणि बोटाच्या दोन पेरांएवढे होऊ शकतात. तिसरा बोलिव्हियातला ब्रिजेसाय. त्याच्या धारा बहुधा कमी आणि काटे बरेच लांब. तुमच्या झाडाचे काटे नखाएवढे, म्हणजे मधले. ‘मधले काटे म्हणजे दोघांचा संकर’ असे म्हणण्याचा मोह इथेच होतो, आणि इथेच थांबायला हवे. कारण पाचानोईतच काही झाडे जरा जास्त काटेरी निघतात आणि पेरुव्हियानसमध्ये काही आखूड काट्यांची.

शिवाय संकराची सगळी भावंडे सारखी नसतात. हापूसच्या कोयीतून उगवलेल्या रोपाला हापूसच लागेल याची खात्री कोणी देत नाही, तसेच हे. एकाच फळातल्या शंभर बिया पेरल्या तर काही रोपे आईच्या वळणाची, काही बापाच्या आणि काही भलतीच निघतात. त्या शंभरातले एक तुमच्या गच्चीवर आहे. बाकीची नव्याण्णव समोर नसताना त्या एकावरून आई-बाप सांगणे म्हणजे अंदाज.

गुंता इथे संपत नाही. २०१२ मध्ये आल्बेसियानो आणि किसलिंग या अभ्यासकांनी पाचानोई आणि पेरुव्हियानस हे दोन्ही ट्रायकोसेरियस मॅक्रोगोनस या एकाच जातीचे प्रकार असल्याचे मांडले. ते मान्य केले तर या दोघांपासून झालेले रोप दोन जातींचा संकर ठरतच नाही, एकाच जातीतले घरचे लग्न ठरते. पट्टीवरचा ‘हायब्रिड’ शब्द मग विकणाऱ्याच्या वहीपुरता खरा.

थोडक्यात, झाडाच्या अंगावरून घराणे कळते, आई-बाप कळतात ते फक्त वहीतून. तेव्हा मावसबहिणीला फोन करा. प्रदर्शन कोणते, साल कोणते, विकणारा कुठला, एवढे तिला आठवले तरी भिंगाने काटे मोजण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

प्रश्न : पण आता डीएनए तपासणी निघाली आहे. पानाचा किंवा खोडाचा तुकडा पाठवला तर संकर कोणाचा हे कळणार नाही का?
— एक शिक्षक, चिकोडी

उत्तर : वनस्पती ओळखण्यासाठी जी नेहमीची डीएनए तपासणी करतात तिच्यात हरितलवकातले एक-दोन ठरावीक तुकडे वाचले जातात. बहुतेक फुलझाडांत हरितलवक येते ते आईकडून. म्हणजे तपासणी अगदी बिनचूक झाली तरी ती आईच्या बाजूचे सांगेल, बापाबद्दल अवाक्षर काढणार नाही. संकरासाठी पेशीकेंद्रातला डीएनए वाचावा लागतो, कारण तो दोघांकडून अर्धा अर्धा आलेला असतो. ते करता येते. पण ताडून पाहायला खात्रीच्या, मूळ रानातून गोळा केलेल्या झाडांचे नमुने हवेत. या कॅक्टसांतले भाऊबंद एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की त्यांच्यातला फरक त्या ठरावीक तुकड्यांत धड उमटतही नाही. गच्चीवरच्या एका कुंडीसाठी हा खटाटोप परवडणारा नाही.

प्रश्न : माझ्या झाडाला अजून फूल आलेले नाही. तोपर्यंत काहीच ओळखता येणार नाही का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : बरेच येते, पण कुठे पाहायचे ते ठरवून पाहा. शेंड्याजवळचा आणि बुंध्याजवळचा भाग सोडा. शेंड्याचे काटे अजून पुरे वाढलेले नसतात आणि बुंधा जून होऊन तपकिरी पडलेला असतो. भरपूर उन्हात वाढलेला मधला हातभर भाग निवडा. सावलीत वाढलेले खोड बारीक, फिके आणि कमी काट्यांचे होते आणि कोणालाही चकवते.

मग या गोष्टी लिहून काढा. धारा किती, त्या पसरट गोल आहेत की पातळ, उंच पाकळीसारख्या. सेरियसच्या धारा बहुधा पातळ आणि खोल, ट्रायकोसेरियस पाचानोईच्या पसरट. काटे ज्या लोकरीच्या बारीक गादीतून निघतात त्या गादीच्या वर आडवी किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आहे का, हे नीट पाहा. पाचानोई आणि त्याच्या जवळच्यांत ती ठळक असते. दोन गाद्यांमधले अंतर मोजा. एका गादीत काटे किती, मधला काटा वेगळा लांब आहे का आणि नव्या काट्याचा रंग कोणता, हेही टिपा. अंगावरची निळसर राख बोटाने पुसली जाते का ते एका कोपऱ्यात पाहा. पुसली गेली तर ते मेण आहे, ऊन आणि कोरडेपणापासून बचाव करणारे.

तेवढ्यावरून काही गडी लगेच बाजूला काढता येतात. खोड गडद निळे, वरच्या भागात गाद्यांतून लांब पांढरे केस लोंबणारे आणि काटे सोनेरी असतील तर तो पिलोसोसेरियस असण्याचा संभव मोठा. निळ्या राखी खांबाला झाडासारख्या पुष्कळ फांद्या फुटल्या आणि मोजके आखूड काळपट काटे असले तर मर्टिलोकॅक्टस. त्याची फुले लहान असतात आणि जांभळी करवंदाएवढी फळे धरतात. दहा-पंधरा धारा आणि सोनेरी काटे असतील तर ट्रायकोसेरियस स्पाकियानस, ज्याच्यावर परदेशात दुसऱ्या कॅक्टसांची कलमे करतात. आणि खांबावर वेड्यावाकड्या गाठी, धारा मध्येच तुटलेल्या असतील तर तो बहुधा सेरियसचा विकृत वाढीचा प्रकार. त्याला संकर म्हणून विकतात, पण तो संकर नव्हे.

प्रश्न : आमच्या शेताच्या बांधावर निवडुंगाचे जुने कुंपण आहे. शेजारच्या बंगल्यातल्या कॅक्टसशी त्याचा संकर होऊ शकतो का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : कुंपणाला कोयता मारल्यावर पांढरा चीक ओघळतो का, ते आधी सांगा. ओघळत असेल तर तो त्रिधारी, शेर किंवा मिनगुटाच्या जातीचा, म्हणजे युफोर्बिया कुळातला. त्याचे आणि कॅक्टसचे रक्ताचे नाते नाही, संकराचा प्रश्नच येत नाही. खांबासारख्या कॅक्टसच्या जखमेतून चीक येत नाही, पाण्यासारखा चिकट रस येतो. दुसरी खूण काट्यांची. कॅक्टसचे काटे लोकरीच्या गादीतून झुपक्याने निघतात, युफोर्बियाचे बहुधा जोडीने, धारेवरच्या टणक कडेतून. युफोर्बिया ट्रिगोना आणि युफोर्बिया लॅक्टिया ही दोन झाडे तर नर्सरीत सर्रास ‘कॅक्टस’ म्हणून विकली जातात. चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

चीक नसेल आणि चपटे फडे असतील तर तो फड्या निवडुंग. तो मात्र खरा कॅक्टस, पण पाहुणा. कॅक्टस कुळ अमेरिका खंडातले. ऱ्हिप्सॅलिस नावाची एकच जात आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत आपल्या पायांनी पोचली, बाकी सगळे माणसाने नेले. फड्या निवडुंगाच्या बाबतीत ओळख चुकल्याचा एक मोठा किस्सा आपल्याच देशात घडला. किरमिजी रंग देणारा किडा मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून निवडुंगावरचे किडे कलकत्त्याला आणले. ते रंगाचे उत्तम किडे आहेत अशी समजूत होती. प्रत्यक्षात ती त्यांची रानटी भावंडे निघाली. रंग हलका उतरला, पण किड्यांनी एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा किडा श्रीलंकेहून आणून दक्षिण भारतातला दुसरा निवडुंग असाच आटोक्यात आणला, या वेळी मात्र जाणूनबुजून. किड्याची जात चुकली म्हणून अख्खे कुंपण गेले, तेव्हा नाव म्हणजे नुसती हौस नाही.

प्रश्न : बेळगावच्या पावसात माझ्या खांबाचा बुंधा मऊ पडला आहे. वरचा तुकडा लावला तर झाड तेच राहील का? आणि पांढरी कीड पडते तिचे काय करू?
— एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुकड्यापासून केलेले झाड हुबेहूब तेच राहते, संकर असला तरी. उलट बीपासून केले तर ते राहणार नाही. म्हणून उशीर करू नका. मऊ भागाच्या वर, आतला गर स्वच्छ हिरवा-पांढरा दिसेपर्यंत धारदार सुरीने काप घ्या. मधल्या गोल कड्यावर तांबूस डाग दिसला तर आणखी वर कापा आणि दर वेळी सुरी पुसून घ्या. तुकडा सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवून कापावर कडक खपली धरू द्या. जाड तुकड्याला पावसाळ्यात तीन-चार आठवडेही लागतात. मग कोरड्या मातीवर टेकवून ठेवा आणि मुळे फुटल्यावरच पाणी द्या.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. तिथला पाऊस झिमझिम आणि लांबणारा. निपाणी-चिकोडीकडे तो बराच कमी, खानापूरच्या घाटाकडे त्याच्या कितीतरी पट. एकच कॅक्टस निपाणीत उघड्यावर तरतो आणि बेळगावात कुजतो तो यामुळे. जून ते सप्टेंबर वरून पारदर्शक पत्रा टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. निपाणीकडची तंबाखूची काळी माती कुंडीत घालू नका, ती पाणी धरून बसते. जांभ्याचा चाळलेला चुरा, जाड वाळू आणि थोडे जुने शेणखत हे मिश्रण चालते.

पांढरी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडी असेल तर जुन्या टूथब्रशने घासून काढा आणि साबणाचे पातळ पाणी फवारा. तंबाखूचा काढा हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. तो कामही करतो, पण निकोटिन कातडीतून अंगात भिनते. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा आणि उरलेला काढा साठवून ठेवू नका.

प्रश्न : ट्रायकोसेरियस खाल्ला तर नशा येते असे ऐकले. घरात ठेवणे योग्य आहे का?
— एक आजोबा, निपाणी

उत्तर : पाचानोई आणि त्याच्या जवळच्या काही जातींत मेस्कलीन नावाचे भ्रम निर्माण करणारे द्रव्य असते. पेरूमधल्या चाविन दे वांतार या प्राचीन देवस्थानात अशा कॅक्टसचा खांब हातात धरलेली मूर्ती दगडात कोरलेली आहे. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तिथे हा वापर पूजाविधीचा भाग होता. आपल्याकडे मेस्कलीन १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे आणि तब्येतीलाही ते धोक्याचे आहे. झाड डोळ्यांनी बघावे, जिभेला लावू नये.

प्रश्न : मग माझ्या कुंडीवर नाव काय लिहू? (निपाणीच्याच वाचक भगिनींचे दुसरे पत्र)

उत्तर : एवढेच लिहा : ट्रायकोसेरियस, मूळ पट्टीवर ‘हायब्रिड’, पालक अज्ञात. टिळकवाडी, बेळगाव येथून. पुढे साल घाला. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. ‘पाचानोई गुणिले पेरुव्हियानस’ असे लिहिलेत तर ते दिसायला भारी दिसेल, पण पुढच्या दहा घरांत तेच खरे म्हणून फिरेल. तुमच्या झाडाला फूल येते, म्हणजे तुम्ही स्वतः जातिवंत नोंद असलेले संकरही करू शकता. या झाडांना सहसा स्वतःच्याच परागाने फळ धरत नाही. त्याच झाडाच्या फांदीपासून केलेले दुसरे झाडही चालत नाही. शेजारी वेगळ्या जातीचा ट्रायकोसेरियस फुलला असेल त्या संध्याकाळी त्याचे पराग ब्रशने तुमच्या फुलाला लावा, फुलावर पातळ कापडाची पिशवी बांधा आणि तारीख लिहा. आईचे नाव आधी, बापाचे नंतर, ही बागायतदारांची पद्धत. बिया उगवायला काही आठवडे पुरतात, रोपाला फूल यायला बरीच वर्षे लागतात.

पट्टी कशाची? बॉलपेन आणि मार्कर उन्हात टिकत नाहीत. पेन्सिलीने लिहिलेले टिकते. त्याहून चांगले म्हणजे थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्याने टोचून आकडा लिहा. तोच आकडा वहीत, वहीत बाकी सगळे. पट्टीचा निम्मा भाग मातीत खोल पुरा.

घराणे पक्के करायचे असेल तर पुढचे फूल उभे कापून, नळीचे केस दिसतील असा फोटो घ्या आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. निपाणीला लागूनच अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे. ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण निपाणीकरांना पायवाटेचे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. जिल्ह्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथांत मात्र हे झाड शोधू नका. ते रानातल्या झाडांसाठी लिहिलेले असतात, प्रदर्शनातल्या संकरांसाठी नव्हे.

आणि सगळ्याच वाचकांना एक विनंती. बेळगाव-निपाणीकडे कॅक्टस दुकानापेक्षा हातोहात जास्त फिरतो. यापुढे कोणाला फांदी द्याल तेव्हा कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने नाव, नाव नसेल तर ‘कोणाकडून, कधी’ एवढे लिहून फांदीला दोऱ्याने बांधून द्या.